इनलाइन असेंब्लीत कॉन्स्टंट ऑपरंड अडतो तेव्हा: लक्षणं आणि तपासण्या

जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरवर सी आणि सी++ मधली इनलाइन असेंब्ली (कोडमध्येच लिहिलेल्या प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन) कंपाइल करताना एक दुखणं पुन्हा पुन्हा येतं. ऑपरंड, म्हणजे इन्स्ट्रक्शनला दिलेली किंमत, आपल्याला स्वच्छ कॉन्स्टंट दिसतो, पण कंपायलर तो कॉन्स्टंट मानायला तयार नसतो. कधी उलटही होतं: कंपायलर मान्य करतो आणि पुढे असेंब्लर अडवतो.

ऑपरंड कोणत्या प्रकारचा चालेल हे कंपायलरला सांगणाऱ्या खुणेला कन्स्ट्रेंट म्हणतात. तिची अक्षरं खाली ‘स्मॉल आय’, ‘कॅपिटल एन’ अशी उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत लिहायची. स्मॉल आणि कॅपिटल यांची गल्लत करू नका. स्मॉल आय म्हणजे ‘कोणताही पूर्णांक कॉन्स्टंट’, तर कॅपिटल आय म्हणजे ‘या प्रोसेसरने ठरवलेल्या मर्यादेत बसणारा कॉन्स्टंट’. या दोघांच्या अदलाबदलीतूनच कितीतरी तक्रारी जन्माला येतात.

लक्षणं

जीसीसी ‘इम्पॉसिबल कन्स्ट्रेंट इन एएसएम’ अशी एरर देतो. तिच्या आधी बहुतेकदा ‘ऑपरंड प्रॉबेबली डझन्ट मॅच कन्स्ट्रेंट्स’ ही वॉर्निंग येते, आणि कितवा ऑपरंड अडला तेही तिच्यातच कळतं. म्हणून ती वगळून पुढे जाऊ नका.

क्लँगची भाषा वेगळी: ‘इनव्हॅलिड ऑपरंड फॉर इनलाइन एएसएम कन्स्ट्रेंट’, किंवा ‘एक्सपेक्ट्स ॲन इंटिजर कॉन्स्टंट एक्स्प्रेशन’, किंवा आकडा मर्यादेबाहेर असल्याची सरळ तक्रार.

रिलीज बिल्ड होतं, डीबग बिल्ड होत नाही. किंवा असेंब्लीच्या ओळीला कुणी हात लावलेला नसतो, फक्त कंपायलरची आवृत्ती बदललेली असते किंवा आजूबाजूचं फंक्शन वाढलेलं असतं, आणि एरर उगवते. किंवा साधा प्रोग्राम बनतो, पण तोच कोड शेअर्ड लायब्ररीत घातला की अडतो.

कंपायलर गप्प राहतो आणि तक्रार असेंब्लर करतो, तीही तात्पुरत्या फाइलमधल्या ओळीच्या नंबरासह. सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे काहीच तक्रार न येणं: सगळं बनतं, पण इन्स्ट्रक्शनमध्ये चुकीचा आकडा बसलेला असतो.

‘एएसएम ऑपरंड हॅज इम्पॉसिबल कन्स्ट्रेंट्स’ ही एरर दिसायला जुळी असली तरी दुखणं निराळं आहे. तिथे बहुतेक वेळा रजिस्टर कमी पडलेले असतात, आणि त्यावर खालच्या तपासण्यांचा उपयोग नाही.

१. तक्रार नेमकी कुणाची आहे?

एक मिनिटाचं काम. एररच्या ओळीत तुमच्या सोर्स फाइलचं नाव आणि कन्स्ट्रेंटचा उल्लेख असेल, तर तक्रार कंपायलरची: त्याला आकडाच मिळालेला नाही किंवा तो अक्षराच्या मर्यादेत बसत नाही. तात्पुरत्या फाइलचं नाव आणि इन्स्ट्रक्शनचा मजकूर असेल, तर ती असेंब्लरची: आकडा मिळाला आणि छापलाही गेला, पण त्या इन्स्ट्रक्शनला तो चालत नाही किंवा चुकीच्या चिन्हासह छापला गेला. ‘रिलोकेशन’ हा शब्द दिसला तर ती लिंकरची. असेंब्लरची तक्रार असेल तर थेट पाचव्या तपासणीकडे जा, लिंकरची असेल तर सातव्या.

२. ऑपरंडच्या जागी उघडा आकडा लिहून पाहा

व्हेरिएबल किंवा पॅरामीटर काढा आणि त्या अक्षराच्या मर्यादेत नक्की बसेल असा आकडा लिहा. ५ बहुतेक ठिकाणी चालतो. बिल्ड झालं, तर आकडा तिथपर्यंत पोचण्याच्या वाटेत बिघाड आहे: तिसरी, सहावी आणि सातवी तपासणी करा. किंवा मूळ आकडाच मर्यादेबाहेर आहे: त्यासाठी चौथी. ५ घालूनही अडलं, तर अक्षर किंवा छपाई चुकली आहे: चौथी आणि पाचवी. पुढचा अर्धा शोध या एका प्रयोगाने वाचतो.

३. तो खरोखर कॉन्स्टंट आहे का?

सी भाषेत ‘कॉन्स्ट’ म्हणजे ‘या नावाने यात लिहू नका’, एवढंच. ‘कॉन्स्ट इंट’ म्हणून जाहीर केलेलं व्हेरिएबल सीच्या नियमांनुसार कॉन्स्टंट एक्स्प्रेशन नसतं. ऑप्टिमायझेशन चालू असेल तर जीसीसी त्याची किंमत आत आणून ठेवतो आणि स्मॉल आय खूश होतो. ओ-शून्यवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना, तो हे करत नाही आणि एरर येते. रिलीज चालतं पण डीबग अडतं, यामागे फार वेळा इतकंच असतं. सी++ मध्ये नियम वेगळा आहे: कॉन्स्टंटने सुरू केलेला ‘कॉन्स्ट इंट’ तिथे खरा कॉन्स्टंट असतो. एकच हेडर दोन्ही भाषांत वापरलं जात असेल तर गोंधळ इथूनच सुरू होतो.

उपाय स्वस्त आहे. किंमत ‘डिफाइन’ने मॅक्रोत ठेवा किंवा ‘इनम’मध्ये. सी२३ वापरत असाल तर ‘कॉन्स्टएक्स्प्र’ ऑब्जेक्टही चालतो. इनमबाबत एक सावधगिरी: सी२३ च्या आधीच्या मानकात इनमचा कॉन्स्टंट ‘इंट’मध्ये मावायला हवा, त्यामुळे ६४-बिट आकड्यासाठी मॅक्रोच बरा. एखादी किंमत भाषेच्या नियमाने कॉन्स्टंट आहे की नाही याची शंका असेल, तर ‘पेडँटिक-एरर्स’ चालू ठेवून ती इनमच्या सुरुवातीच्या किमतीत लिहून पाहा. तिथे चालली तर ती खरी कॉन्स्टंट.

मायक्रोकंट्रोलरवर एक खास सापळा आहे. एव्हीआर कुटुंबातल्या एटीमेगा ३२८पी मध्ये ‘पोर्टबी’ हे नाव आकड्यासारखं वाटतं. पण त्याचा मॅक्रो उलगडला की व्होलाटाइल पॉइंटरमधून वाचलेली किंमत हाती येते, म्हणजे कॉन्स्टंट नव्हेच. म्हणून कन्स्ट्रेंट अडतो. मग कुणी त्याचा पत्ता देतं. तो पत्ता डेटा-पत्ता म्हणून ३७ आहे. एव्हीआरवर कॅपिटल आय ० ते ६३ घेतं, त्यामुळे कंपायलर ३७ पास करतो. पण ‘एसबीआय’ इन्स्ट्रक्शनला फक्त ० ते ३१ चालतात, म्हणून असेंब्लर अडवतो. खरा आय-ओ पत्ता ५ आहे. तो काढण्यासाठी एव्हीआर लायब्ररीत ‘एसएफआर आय-ओ ॲड्रेस’ मॅक्रो आहे, तोच वापरायचा.

४. अक्षर आणि आकड्याची मर्यादा

स्मॉल आय पूर्णांक घेतंच, पण ज्याचं उत्तर असेंब्लर किंवा लिंकरला नंतर कळणार आहे असा सिंबॉलचा पत्ताही घेतं. स्मॉल एन फक्त आत्ता माहीत असलेला आकडा घेतं. इन्स्ट्रक्शनला पत्ता चालणारच नसेल तर स्मॉल एन लिहा. चूक असेंब्लरपर्यंत न जाता कंपायलरच पकडेल.

कॅपिटल अक्षरांचा अर्थ प्रोसेसरगणिक बदलतो. दुसऱ्या प्रोसेसरच्या कोडमधून अक्षर उचललं की फसगत ठरलेली.

एक्स८६ वर कॅपिटल आय म्हणजे ० ते ३१ (३२-बिट शिफ्टसाठी), कॅपिटल जे ० ते ६३, कॅपिटल के चिन्हासह ८-बिट आणि कॅपिटल एन ० ते २५५ (पोर्टच्या इन-आउट इन्स्ट्रक्शनसाठी). स्मॉल ई म्हणजे चिन्हासह ३२ बिटांत मावणारा. ६४-बिट ‘ॲड’, ‘अँड’, ‘कंपेअर’ यांच्यासाठी स्मॉल ई न चुकता हवं, कारण या इन्स्ट्रक्शनमध्ये इमीजिएट (इन्स्ट्रक्शनमध्येच बसवलेला आकडा) ३२ बिटांचाच असतो आणि चिन्ह वाढवून ६४ केला जातो. ४२९४९६७२९५ हा आकडा स्मॉल आयने दिला तर कंपायलर छापून मोकळा होतो आणि ६४-बिट ‘अँड’वर असेंब्लर ‘ऑपरंड टाइप मिसमॅच’ म्हणतो. पूर्ण ६४-बिट इमीजिएट फक्त ‘मूव्ह’च्या एका रूपात बसतो.

३२-बिट आर्मवर कॅपिटल आयचा नियम आकड्याच्या आकाराचा नाही, रचनेचा आहे: ८ बिट, सम संख्येने फिरवलेले. म्हणून १०२० चालतो आणि त्याच्या निम्मा असलेला ५१० चालत नाही, कारण त्याला विषम संख्येने सरकवावं लागतं. थंब-२ मध्ये ५१० बसतो. एकच फाइल आर्म मोडमध्ये अडते आणि थंबमध्ये चालते, त्याचं कारण हे. इथे स्मॉल आय लिहिलं तर असेंब्लरकडून ‘इनव्हॅलिड कॉन्स्टंट आफ्टर फिक्सअप’ येतं.

आर्म ६४ वर कॅपिटल आय म्हणजे ‘ॲड’ला चालणारा: १२ बिट, किंवा तेच १२ बिट आणखी १२ ने सरकवलेले. रिस्क-फाइव्हवर −२०४८ ते २०४७. तिथे २०४८ अडतो आणि −२०४८ चालतो. सीमेवरच्या या एका आकड्याने भलेभले गोंधळतात.

इन्स्ट्रक्शनला इमीजिएट आणि रजिस्टर दोन्ही चालत असतील, तर एकाच अक्षराचा हट्ट कशाला? दोन अक्षरं जोडून द्या, निवड कंपायलर करेल. याचं उत्तम उदाहरण एक्स८६ चं ‘आउटबी’. पोर्टच्या ऑपरंडला ‘कॅपिटल एन, स्मॉल डी’ द्या. पोर्ट १२८ असेल तर तो ८ बिटांत मावतो आणि थेट इन्स्ट्रक्शनमध्ये बसतो. पहिल्या सीरियल पोर्टचा पत्ता १०१६. तो मावत नाही, म्हणून कंपायलर आपणहून तो डीएक्स रजिस्टरमध्ये घालतो. पोर्ट रनटाइमला ठरत असेल तरी हीच ओळ चालते. तसंच शिफ्टसाठी ‘स्मॉल सी, कॅपिटल आय’ आणि ६४-बिट गणितासाठी ‘स्मॉल ई, स्मॉल आर’. सहावी तपासणी टाळायची सगळ्यात सोपी वाट हीच आहे, कारण इथे आकडा कॉन्स्टंट ठरला नाही तरी बिल्ड मोडत नाही.

कंपायलर गप्प व्हावा म्हणून स्मॉल जी किंवा कॅपिटल एक्स मात्र लावू नका. स्मॉल जी मेमरीही घेतं आणि कॅपिटल एक्स काहीही घेतं. ओ-शून्यवर आकडा स्टॅकवर असेल तर इन्स्ट्रक्शनमध्ये मेमरीचा पत्ता छापला जाईल. ते रूप त्या इन्स्ट्रक्शनला चालत असेल तर कुणीही ओरडणार नाही आणि अर्थ बदललेला असेल.

५. छापलेली असेंब्ली डोळ्यांनी पाहा

कॅपिटल एस पर्याय देऊन कंपायलरची असेंब्ली फाइल काढा, किंवा ‘सेव्ह-टेम्प्स’ लावा. तुमचा ब्लॉक शोधा आणि टक्का-चिन्हाच्या जागी नक्की काय आलं ते वाचा. अंदाज करत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

एक्स८६ वर नेहमीच्या एटी अँड टी पद्धतीत ‘%०’ च्या जागी ‘$५’ छापलं जातं. इन्स्ट्रक्शनला तेच हवं असतं. पण ‘.लाँग’सारख्या डेटा डिरेक्टिव्हला, किंवा पत्त्यातल्या ऑफसेटला, ते डॉलर-चिन्ह चालत नाही. तिथे ‘%सी०’ लिहा. तो चिन्हाशिवाय नुसता आकडा छापतो. ३२-बिट आर्मवर ‘#’ साठी तोच उपाय. उणे करून हवा असेल तर ‘%एन०’. उलटी चूकही होते: टेम्प्लेटमध्ये आधीच डॉलर लिहून ठेवलेला असतो, आणि छापलं जातं दोन डॉलर.

आता गप्प बसलेली चूक. ऑपरंडचा प्रकार ‘अनसाइन्ड चार’ असेल आणि किंमत २०० असेल, तर जीसीसी ती −५६ म्हणून छापू शकतो, कारण आतमध्ये तो लहान कॉन्स्टंट चिन्ह वाढवून साठवतो. ८-बिट इन्स्ट्रक्शनला फरक पडत नाही, बिट तेच असतात. पण ‘.लाँग’मध्ये किंवा ३२-बिट इन्स्ट्रक्शनमध्ये तो आकडा सरळ चुकीचा ठरतो. म्हणून लहान प्रकारातला कॉन्स्टंट देताना त्याला आधी ‘इंट’ करून द्या.

६. आकडा फंक्शनच्या पॅरामीटरमधून येतो आहे का?

हे दुखण्याचं मूळ आहे, म्हणून इथे थोडं थांबू या.

‘स्टॅटिक इनलाइन’ फंक्शन, त्याला एक पॅरामीटर, आणि आत त्या पॅरामीटरवर स्मॉल आय. बोलावणारा नेहमी ३ किंवा ७ असे उघडे आकडे देतो. भाषेच्या दृष्टीने पॅरामीटर हा कधीच कॉन्स्टंट नसतो. तो कॉन्स्टंट बनायला दोन गोष्टी घडाव्या लागतात: फंक्शन खरोखर इनलाइन व्हावं, आणि मग ३ हा आकडा असेंब्लीच्या ओळीपर्यंत वाहून जावा. दोन्ही ऑप्टिमायझरच्या मर्जीवर. ‘इनलाइन’ हा शब्द कंपायलरवर बंधन घालत नाही.

जीसीसी असेंब्ली ब्लॉकचा आकार त्यातल्या ओळी मोजून अंदाजतो. डिरेक्टिव्हची भर पडून ब्लॉक लांबला, की प्रत्यक्षात एकच इन्स्ट्रक्शन असली तरी त्याला फंक्शन मोठं वाटतं आणि तो इनलाइन करायचं टाळतो. त्यासाठी जीसीसी ९ पासून ‘एएसएम इनलाइन’ असं लिहिता येतं. मग आकार किमान धरला जातो. ओ-जी, ‘नो-इनलाइन’, सॅनिटायझर, कव्हरेज, यांपैकी काहीही ही साखळी तोडू शकतं. लिनक्स कर्नलमध्ये २०१९ साली ५.२ आवृत्तीच्या सुमारास इनलाइन करायचं की नाही हा निर्णय सगळ्या आर्किटेक्चरवर कंपायलरकडे सोपवायची सोय झाली, तेव्हा नेमक्या याच ‘इम्पॉसिबल कन्स्ट्रेंट’ एररी निघाल्या आणि अनेक फंक्शनांवर ‘ऑलवेज-इनलाइन’ लावावं लागलं.

उपाय चढत्या क्रमाने. पहिला, ‘ऑलवेज-इनलाइन’ ॲट्रिब्यूट. ऑप्टिमायझेशन चालू असताना तो सहसा पुरतो. ओ-शून्यवर मात्र भरवसा ठेवू नका: फंक्शन इनलाइन होतं, पण पॅरामीटर स्टॅकवरच्या जागेत लिहून तिथून वाचला जातो, आणि असेंब्लीच्या ओळीला आकडा दिसतच नाही.

दुसरा आणि पक्का उपाय, मॅक्रो. आकडा मजकूर म्हणूनच ओळीत उतरतो, ऑप्टिमायझर लागतच नाही. किंमत परत द्यायची असेल तर स्टेटमेंट-एक्स्प्रेशनचं रूप वापरा. मॅक्रो दिसायला ओबडधोबड आहे हे खरं, पण जीसीसीची स्वतःची एसएसई हेडरही हेच करतात: ऑप्टिमायझेशन चालू असेल तर इनलाइन फंक्शन, नसेल तर मॅक्रो, कारण त्या इन्स्ट्रक्शनला ८-बिट इमीजिएट लागतो. सी++ मध्ये आकडा टेम्प्लेट पॅरामीटर करा. तो नियमानेच कॉन्स्टंट असतो आणि प्रकाराची तपासणीही टिकते.

लूपच्या मोजणीचा ‘आय’ स्मॉल आयला देऊ नका. लूप पूर्ण उलगडलं तरच ते चालेल, आणि ते कोणत्या पायरीवर उलगडेल याची हमी नाही. चार वेळा हवं असेल तर मॅक्रो चारदा लिहा.

क्लँगबद्दल इतकं लक्षात ठेवा: मर्यादा असलेल्या अक्षरांची तपासणी तो इनलाइन करण्याच्या आधीच करू शकतो. जीसीसीवर ओ-२ ला चालणारा पॅरामीटरवाला कोड क्लँगवर ओ-२ लाही अडतो तो यामुळे. न चालणाऱ्या ‘इफ’ फांदीत लपवलेली ओळसुद्धा त्याच्या तावडीतून सुटत नाही, म्हणून ‘बिल्टइन कॉन्स्टंट-पी’ने (किंमत कॉन्स्टंट आहे का हे कंपायलरला विचारणं) फांदी निवडायची युक्ती तिथे फारशी कामाला येत नाही. दोन्ही कंपायलरांवर चालवायचं असेल तर मॅक्रो किंवा जोड-अक्षर.

७. ऑपरंड हा पत्ता आहे का?

ग्लोबल व्हेरिएबलचा किंवा फंक्शनचा पत्ता स्मॉल आयला साध्या बिल्डमध्ये चालतो. एफ-पिक (कुठल्याही पत्त्यावर चालणारा कोड बनवायचा पर्याय) लावून शेअर्ड लायब्ररी बनवताना बाहेर दिसणाऱ्या सिंबॉलचा पत्ता लिंकवेळी ठरत नाही, तो टेबलातून वाचावा लागतो. मग तो कॉन्स्टंट उरत नाही. एक्स८६-६४ वर ‘स्टॅटिक’ किंवा हिडन सिंबॉल सहसा कंपायलरमधून सुटतो, पण त्याचा पूर्ण पत्ता ३२-बिट इमीजिएट म्हणून वापरला तर लिंकर रिलोकेशनची एरर देतो.

पत्ताच हवा असेल तर स्मॉल आर, आतली किंमत हवी असेल तर व्हेरिएबल स्मॉल एमने द्या. पत्ता मिळवायचं काम कंपायलर बिनचूक करतो. टेबलात नोंद करायची असेल तर पूर्ण पत्त्याऐवजी सध्याच्या जागेपासूनचं अंतर लिहा: ‘.लाँग’, मग ‘%सी०’, वजा बिंदू.

इथे थांबा

दहा ओळींची स्वतंत्र फाइल, त्यात उघडा आकडा, मॅन्युअलप्रमाणे बरोबर अक्षर, आणि तरीही एरर. किंवा एकाच कंपायलरच्या दोन आवृत्त्यांपैकी एकच अडते. किंवा ‘इंटर्नल कंपायलर एरर’. मग तुमचा कोड उलटसुलट करत बसू नका. कंपायलरच्या बग-नोंदीत किंवा तुमच्या टूलचेन सांभाळणाऱ्याकडे द्या. सोबत प्रीप्रोसेस केलेली फाइल, कंपायलरची नेमकी आवृत्ती, टार्गेट आणि पूर्ण कमांड हवी; यातलं एक जरी नसलं तरी त्यांना बिघाड पुन्हा घडवता येत नाही.

बूट कोड, इंटरप्टची सुरुवात, क्रिप्टोग्राफी, किंवा चालू कर्नलमध्ये इन्स्ट्रक्शन बदलणारी टेबलं, यांतली अक्षरं त्या भागाच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय बदलू नका. स्मॉल आयच्या जागी स्मॉल आर लावल्याने बिल्ड होईल, पण इन्स्ट्रक्शनची लांबी बदलते, आणि तिथल्या काही कोडला ती लांबी ठरावीक लागते. क्रिप्टोत रजिस्टरमधून किंवा मेमरीतून आलेला आकडा वेळेचं गणितही बदलू शकतो.

आणि डिसअसेंबल केलेल्या फाइलमध्ये आकडा अगदी बरोबर दिसतो आहे, पण पोर्ट किंवा पिन हलत नाही, तर तपास कंपायलरपाशी संपला. ती डिसअसेंब्ली आणि चिपची डेटाशीट घेऊन हार्डवेअरच्या माणसाकडे जा.